चिखलीचे पाणी : बारवेपासून नळापर्यंत

चिखली नावाची गावे महाराष्ट्रात अनेक आहेत. आम्ही जिच्याविषयी लिहीत आहोत ती चिखली बुलढाणा जिल्ह्यातील, वऱ्हाडच्या नैऋत्य टोकाकडील तालुक्याचे गाव होय. नावात चिखल असला तरी पावसाळ्याचे चार महिने सरले की या मुलखाचे आणि पाण्याचे नाते ताणलेलेच असते. राजेरजवाड्यांच्या, लढायांच्या आणि देवस्थानांच्या इतिहासावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. पाणवठ्याचा इतिहास मात्र बहुधा पाणी वाहणाऱ्या बायांच्या डोक्यावरून गेला आणि तेथेच विरला. तो निदान ठळक टप्प्यांनी नोंदवावा, या हेतूने हा लेख आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

बुलढाणा जिल्ह्याचे लोक आपल्या जिल्ह्याचे दोन भाग मानतात : घाटावरचा आणि घाटाखालचा. ही विभागणी मुळात पाण्याची आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेचा काठ हा येथे जलविभाजक ठरतो. काठाच्या उत्तरेस पडलेला पाऊस नळगंगा, ज्ञानगंगा अशा नद्यांतून पूर्णेला, पूर्णेतून तापीला आणि अखेर अरबी समुद्राला मिळतो. काठाच्या दक्षिणेस पडलेला पाऊस पैनगंगेतून आणि खडकपूर्णेतून गोदावरीच्या खोऱ्यात उतरतो व बंगालच्या उपसागराकडे जातो. चिखली ही घाटावरची. पैनगंगेचा उगम बुलढाण्याजवळचा. म्हणजे नदी येथे अजून बाल्यावस्थेत असते, आणि उन्हाळ्यात तिच्या पात्रात झिरे उकरून वाटीवाटीने पाणी भरावे लागे, यात नवल नाही.

पाऊस येथे वर्षाकाठी सरासरी ७०० ते ८०० मिलिमीटर पडतो. आकडा अगदीच लहान नाही. अडचण आहे ती खडकाची. दख्खनच्या काळ्या कातळाच्या पोटात पाणी साठवायला जागा थोडी. वरचा मुरूम आणि खालच्या कातळातील भेगा, एवढीच काय ती त्याची कोठी. ही कोठी पावसाळ्यात लवकर भरते आणि होळीनंतर लवकर रिकामी होते. घाटाखाली, पूर्णेच्या गाळाच्या प्रदेशात, दुःख वेगळे. तेथे जमिनीत पाणी आहे, पण खारे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या बाजूच्या खारपाणपट्ट्यात विहिरीवर उभे राहूनही तहान भागत नाही, आणि मूत्रपिंडाच्या विकारांनी तेथील कित्येक घरे पोळली आहेत. वर पाणी टिकत नाही, खाली ते पिववत नाही, अशी या जिल्ह्याची दुहेरी कोंडी आहे.

चोखोबांचा मुलूख

पूर्वजांना या कोंडीची जाण नव्हती असे नाही. चिखलीहून फार दूर नसलेल्या सिंदखेडराजा येथे, जिजाऊंच्या माहेरी, जाधवांच्या काळातील मोती तलाव आजही पाहावयास मिळतो. या टापूत ठिकठिकाणी घडीव दगडांच्या बारवा आहेत. उतरत्या पायऱ्या, कोनाडे, देवळ्या, आणि तळाशी थंडगार पाणी. जुन्या स्थापत्याचे अभ्यासक त्यांच्यावर लुब्ध होतात, आणि ते योग्यच आहे.

पण इतिहासकाराने आणखी एक प्रश्न विचारावयास हवा. त्या पायऱ्या उतरण्याचा अधिकार कोणाला होता? ज्या हातांनी दगड वाहिला, घडविला, त्या हातांना घागर बुडविण्याची मुभा होती काय? उत्तर आपणांस ठाऊक आहे. गावकुसाबाहेरच्या स्त्रियांनी रिकामे मडके घेऊन पाणवठ्यापासून अंतरावर बसावे, कोणा दयाळू माणसाने वरून ओतले तर ते घेऊन जावे, ही रीत शतकानुशतके चालली. दया आली नाही तर नाल्याचे गढूळ पाणी होतेच.

संत चोखामेळा हे याच मुलखातील. देऊळगावराजा तालुक्यातील मेहुणाराजा हे त्यांचे जन्मगाव मानले जाते. १३३८ साली मंगळवेढ्यास गावकुसाची भिंत कोसळून तिच्याखाली त्यांचा अंत झाला. ज्या समाजात ते जन्मले त्या समाजाच्या स्पर्शाने पाणी बाटते अशी समजूत त्यांच्या हयातीत होती आणि त्यांच्यानंतर सहाशे वर्षे टिकली. देऊळगाव मही परिसरात खडकपूर्णा नदीवर अलीकडच्या काळात जे धरण झाले, त्याच्या जलाशयास ‘संत चोखासागर’ असे नाव देण्यात आले आहे. ज्याला विहिरीचा काठ वर्ज्य होता, त्याच्या नावे आता सागर आहे. नाव देणारांचे आम्ही अभिनंदन करतो. त्या सागराचे पाणी कोणाकोणाच्या घरापर्यंत पोचते हे पाहणे, हे त्या नावाचे पुढचे ऋण आहे.

नावापासून हक्कापर्यंतची वाट लांब होती. महात्मा जोतीराव फुले यांनी १८६८ साली पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळाने रावबहादुर बोले यांचा ठराव संमत करून सार्वजनिक पाणवठे सर्वांस मोकळे केले; पण कागदावरचे मोकळेपण महाडच्या तळ्याकाठी अडले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहस्रावधी अनुयायांसह चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्या ओंजळीवरून दंगल झाली, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले, खटला झाला, आणि उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल लागावयास १७ मार्च १९३७ उजाडला. एका ओंजळीचा न्याय मिळावयास दहा वर्षे लागली.

बोले यांचा ठराव मुंबई इलाख्यापुरता होता. चिखली त्या वेळी मध्यप्रांत व वऱ्हाडात होती. वऱ्हाडात हे काम वेगळ्या हातांनी पुढे नेले. डॉ. पंजाबराव देशमुख यांनी अमरावतीच्या जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष असताना, १९२८ च्या सुमारास, सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांसाठी खुल्या करण्याचे पाऊल उचलले. पुढे राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात विहिरी, तलाव व स्नानघाट यांचा स्वतंत्र उल्लेख आला. घटनाकारांना विहिरीचे नाव मूलभूत हक्कांत लिहावे लागले, एवढ्यावरूनच विहिरीभोवती काय काय घडले होते याची कल्पना यावी. आणि तरीही १९७० च्या दशकात बाबा आढाव यांना ‘एक गाव, एक पाणवठा’ ही चळवळ घेऊन महाराष्ट्रभर गावोगाव फिरावे लागले.

पटकी आणि नारू

पाण्याचा दुसरा इतिहास रोगांचा आहे. वऱ्हाडातील खेड्यांच्या शिवेवर मरीआईची ठाणी आहेत. मरीआई ही पटकीची देवता. पटकी आली की गाव ओस पडे; गाडा निघे, नवस होत, आणि रोग पुढच्या गावास जाई. १८५४ साली लंडनमध्ये डॉ. जॉन स्नो यांनी पटकीचे मूळ एका सार्वजनिक पंपाच्या दूषित पाण्यात शोधले, आणि १८८४ साली रॉबर्ट कॉक यांनी कलकत्त्याच्या तळ्यातील पाण्यात तिचे जंतू दाखवून दिले. हे ज्ञान आपल्या खेड्यापर्यंत ‘लाल औषधा’च्या रूपाने पोचले. विहिरीत पोटॅशियम परमँगनेट टाकणारा सरकारी माणूस दिसला की लोक आरंभी साशंक होत. पुढे लाल औषधाची जागा टीसीएल पावडरीने घेतली, आणि आज ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक ती टाकतो किंवा टाकावयास विसरतो, यावर गावाचे पावसाळ्यातील आरोग्य अवलंबून असते.

नारूचा इतिहास याहून बोलका आहे, कारण त्यात बारवेच्या सौंदर्याची दुसरी बाजू दिसते. नारूचा किडा माणसाच्या अंगात वर्षभर वाढतो, दोन-तीन फूट लांब होतो, आणि पायाला फोड आणून तेथून बाहेर पडू लागतो. आग होते म्हणून माणूस पाय पाण्यात बुडवितो. त्याच क्षणी किडा आपली असंख्य पिले पाण्यात सोडतो. ती सूक्ष्म जलपिसवांच्या पोटात वाढतात आणि ते पाणी न गाळता पिणाऱ्याच्या अंगात शिरतात. पायऱ्यांच्या विहिरीत माणूस घोटाभर पाण्यात उतरूनच घागर भरतो. म्हणजे ज्या रचनेने पाणी माणसाच्या जवळ आणले, तिनेच रोगाचे चक्र पुरे केले. काडीला किडा गुंडाळून रोज थोडाथोडा ओढून काढणारी, महिनोन्महिने अंथरुणास खिळलेली माणसे जुन्या पिढीने पाहिली आहेत.

या रोगावर लस नव्हती आणि गुणकारी औषधही नव्हते. १९८३-८४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाने पायऱ्यांच्या विहिरी बंद केल्या किंवा त्यांना कठडे बांधून रहाटाच्या विहिरी केल्या, पाणी फडक्याने गाळावयास शिकविले, आणि गावोगाव हापसे बसविले. देशातील शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात आढळला. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. केवळ पाणवठा सुधारून एक रोग देशातून हद्दपार झाला. औषधावाचून मिळालेला एवढा मोठा विजय आरोग्याच्या इतिहासात विरळा.

जालन्याचा हापसा

आता त्या हापशाविषयी. चिखलीहून देऊळगावराजावरून जालन्यास जाणारा रस्ता वाचकांपैकी अनेकांच्या परिचयाचा असेल. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले तेव्हापासून या रस्त्यावर इंग्रजी अंमल आणि निजामी राज्य यांची सीमा होती. त्या सीमेपलीकडे जालन्यास स्कॉटलंडच्या प्रोटेस्टंट बांधवांचे मिशन होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल नावाची वसाहत वसविली ती याच परंपरेतील. गावाने दूर ठेवलेल्या मातंग व महार कुटुंबांना तेथे हक्काची जागा मिळाली.

शंभर वर्षांनी, १९६० च्या दशकात, याच मिशनने कातळात कूपनलिका खोदण्याचे काम हाती घेतले. दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या यंत्रांनी जे छिद्र पाडावयास पूर्वी आठवडे लागत, ते एक-दोन दिवसांत पडू लागले. पण पाणी वर काढावयाचे कशाने? त्या काळचे बिडाचे पंप युरोप-अमेरिकेतील एकेका कुटुंबासाठी बनविलेल्या पंपांच्या नकला होत्या. पाचशे माणसांच्या गावात ते सकाळपासून रात्रीपर्यंत हापसले जात आणि काही महिन्यांत मोडत. १९७४ च्या सुमारास झालेल्या पाहणीत देशातील सुमारे पाऊणशे टक्के हातपंप नादुरुस्त आढळले. कूपनलिका होती, तळाशी पाणी होते, आणि माथ्यावर एक मोडका दांडा होता.

जालन्याच्या मिशनमधील यंत्रज्ञांनी पोलादी पंप बनविला. त्याचा दांडा एकाच आसावर फिरे, आणि दांड्याच्या टोकाशी असलेल्या कमानीवरून साखळी जाऊन ती आतील सळई सरळ रेषेत वर ओढी. त्यामुळे सळई वाकेना, सांधे झिजेनात. सोलापूरच्या मिशनरी केंद्रात हीच कल्पना सुधारून ‘सोलापूर पंप’ तयार झाला, आणि त्यात एका स्वयंशिक्षित देशी कारागिराचा हात होता असे सांगतात. या सोलापूर पंपाच्या पायावर भारत सरकार, युनिसेफ व जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून ‘इंडिया मार्क दोन’ हा पंप सिद्ध केला. कोइमतूरकडे त्याच्या चाचण्या झाल्या, आणि १९७७ पासून मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रुडास या सरकारी कारखान्यात त्याचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले. १९९० च्या दशकापर्यंत असे लक्षावधी पंप भारतात आणि आफ्रिकेतील अनेक देशांत उभे राहिले.

सेमिनरीत आम्ही ख्रिस्तसभेचा इतिहास शिकलो. धर्मपरिषदा, मठ, विद्यापीठे यांची माहिती त्यात होती. जालन्याच्या या पंपाला त्या पुस्तकांत जागा नव्हती. आमच्या मते ती असावयास हवी. या पंपाचा पाया काँक्रीटमध्ये घट्ट बसविलेला असतो, म्हणून वरचे सांडपाणी कूपनलिकेत परत झिरपत नाही. कोणाचा पाय पाण्यात जात नाही, कोणाची घागर पाण्यात बुडत नाही. ‘तुझ्या स्पर्शाने पाणी बाटले’ असे म्हणावयास पाणी दिसतच नाही. दांडा मात्र दिसतो, आणि माणसाचे मन फार कल्पक असल्यामुळे काही गावांत दांडा धुऊन घेण्याची रीत निघाली. यंत्र बदलले, मन मागे राहिले.

दोन दुष्काळ

१९७२ चा दुष्काळ वऱ्हाडच्या घाटावर आणि मराठवाड्यात आजही काळगणनेचा खुंटा आहे. खडी फोडणारे हात, सुकडीसाठी लागलेल्या रांगा, पाझर तलावांचे खोदकाम, ही त्याची चित्रे. त्यातूनच महाराष्ट्राची रोजगार हमी योजना जन्मली. तिचा कायदा १९७७ चा. जुनी माणसे त्या वर्षाविषयी एक गोष्ट आवर्जून सांगतात : खावयास धान्य नव्हते, पण बऱ्याच विहिरींत पिण्यापुरते पाणी होते. २०१२-१३ आणि २०१५-१६ च्या दुष्काळांत नेमके उलटे झाले. दुकानात धान्य होते, घशाखाली घालावयास पाणी नव्हते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले.

चाळीस वर्षांत असे काय बदलले? पाऊस अनियमित झाला हे खरे. पण त्याहून मोठे कारण म्हणजे पिण्याच्या पाण्यासाठी आलेली कूपनलिका शेतात गेली आणि तिच्यावर विजेचा पंप बसला. हाताने हापसणारी बाई दिवसाकाठी जेवढे पाणी काढी, तेवढे मोटार काही मिनिटांत काढते. कातळातील तुटपुंजी कोठी जो आधी आणि खोल खणील त्याची झाली. सार्वजनिक पाणवठ्यापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर खोदण्यास बंदी करणारा कायदा महाराष्ट्राने १९९३ सालीच केला. २००९ चा त्याहून व्यापक कायदा २०१४ पासून अमलात आला. परंतु शेजाऱ्याविरुद्ध तक्रार करणार कोण? गावात एकत्र राहावयाचे असते.

काढण्याबरोबर भरण्याचाही विचार करावा लागतो, हे ज्यांनी लवकर ओळखले त्यांत स्वित्झर्लंडहून १९४८ साली भारतात आलेले येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांचे नाव आदराने घ्यावे लागेल. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात त्यांनी पाणलोट क्षेत्राच्या विकासाचे काम रुजविले. पाणी माथ्यावर अडवा, पायथ्याशी ते आपोआप सापडेल, हे त्यातले सूत्र. अट मात्र कडक असे. गावाने श्रमदान करावे, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळावी, आणि निर्णय ग्रामसभेने घ्यावा. १९९३ मध्ये या कामासाठी ‘वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट’ ही संस्था उभी राहिली. २०२१ साली फादर बाखर निवर्तले. त्यांच्या मार्गाने गेलेल्या गावांच्या विहिरी त्यांची आठवण ठेवून आहेत.

बुलढाणा जिल्ह्यानेही अलीकडे एक धडा घालून दिला. महामार्गाच्या भरावासाठी माती हवी होती आणि तलावांत गाळ साचला होता. तलाव खोल करून तो गाळ-मुरूम रस्त्याला वापरण्याची पद्धत ‘बुलढाणा पॅटर्न’ म्हणून गाजली. २०१८ साली भारतीय जैन संघटनेने शासनाच्या साहाय्याने जिल्हाभर गाळ काढण्याची मोहीम राबविली. काम चांगले झाले. तरी तलाव खोल केला म्हणजे पाण्याची वाटणी न्याय्य होते असे नव्हे.

न बोलला जाणारा विषय

पाण्याविषयी सभा होतात, शौचाविषयी कुजबूज होते. या कुजबुजीवर खराटा फिरविणारा महापुरुष वऱ्हाडातच जन्मला. गाडगेबाबा (१८७६-१९५६) गावात येत ते हातात खराटा घेऊन. दिवसा गाव झाडीत आणि रात्री कीर्तनातून माणसांची मने. २००० साली महाराष्ट्र शासनाने ग्रामस्वच्छता अभियानास त्यांचेच नाव दिले. पुढे निर्मल ग्राम पुरस्कार आला, २०१४ मध्ये स्वच्छ भारत अभियान आले, आणि एप्रिल २०१८ मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त झाल्याचे जाहीर करण्यात आले.

संडास बांधले गेले, हे खरे आणि मोठे काम आहे. अंधार पडण्याची वाट पाहत दिवसभर पोट आवळून राहणाऱ्या स्त्रीला विचारावे म्हणजे त्या चार भिंतींचे मोल कळेल. पण संडासाला पाणी लागते. पिण्यासाठी दोन हंडे लांबून आणणारे घर संडासात बादली ओतील काय? तेथे मग सरपण आणि कडबा जाऊन बसतो. काळ्या मातीत शोषखड्डा पावसाळ्यात झिरपत नाही. आणि खड्डा विहिरीच्या फार जवळ घेतला तर मैला पुन्हा पाण्यातच येतो. पाणी आणि संडास हे दोन वेगळे कार्यक्रम नव्हेत. एकाशिवाय दुसरा लंगडा आहे. आणि टाक्या भरल्यावर त्या उपसावयास कोणाला बोलावले जाते, हा प्रश्नही विसरून चालणार नाही. हाताने मैला उपसण्यास प्रतिबंध करणारे कायदे १९९३ आणि २०१३ साली झाले, तरी टाकीत गुदमरून मरणारांची वार्ता अद्याप अधूनमधून येतेच.

नळाचे शेवटचे टोक

आज चिखली शहरास पैनगंगेवरील पेनटाकळीच्या जलाशयातून पाणी येते. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जलजीवन मिशनने दर ग्रामीण घरात नळ आणि दर माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी असे उद्दिष्ट ठेवले. त्याची २०२४ ची मुदत पुढे २०२८ पर्यंत वाढविण्यात आली. तोटीपर्यंत नळी पुष्कळ ठिकाणी पोचली आहे. तोटीतून पाणी किती वेळ आणि किती दाबाने येते, हा पुढचा प्रश्न आहे.

नळाला उंच-सखल कळते, आणि आधी-नंतर कळते. टाकीजवळच्या घरांना धार मोठी मिळते. त्यांतील काही जण नळाला मोटार लावून दाब ओढून घेतात. जलवाहिनीच्या शेवटच्या टोकाला पोचते ती हवा. आणि हे शेवटचे टोक कोठे असते? जुन्या गावाची रचना ज्यांनी पाहिली आहे त्यांना उत्तर सांगावे लागणार नाही. गावकुसाबाहेरची वस्ती, ऊसतोडीहून परतणाऱ्यांची पाले, गायरानावरची घरे. पूर्वी विहिरीचा काठ आडवा येत असे, आता नळाचा दाब आडवा येतो. काठावर बसून ‘बाटले’ म्हणणारे कोणी नाही, म्हणून दोषही कोणाचा नाही. घागर मात्र पूर्वीसारखीच रिकामी.

याला उपाय नाहीत असे आम्हांस वाटत नाही, आणि ते फार खर्चाचेही नाहीत. झडप फिरविण्याची पाळी ठरवून ती ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावी. पहिली पाळी शेवटच्या टोकाला द्यावी. नळाला मोटार लावणाऱ्याचे नाव ग्रामसभेत वाचावे. पाणी व स्वच्छता समितीत स्त्रियांना निम्म्या जागा आहेत. त्या जागांवर सहीपुरत्या नव्हे तर प्रत्यक्ष पाणी भरणाऱ्या स्त्रिया, आणि त्यांतही टोकाच्या वस्तीच्या, बसाव्यात. वीजबिल थकून योजना बंद पडू नये म्हणून पट्टी वेळेवर भरावी, आणि ज्याला ती खरोखर झेपत नाही त्याचा भार गावाने उचलावा.

२८ जुलै २०१० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने शुद्ध पाणी व स्वच्छता हा मानवी हक्क असल्याचे मान्य केले. जगाने हे २०१० साली म्हटले. पुण्यातील एका हौदाच्या मालकाने ते १८६८ साली करून दाखविले होते. हक्काची भाषा आता सर्वांना पाठ झाली आहे. चिखली तालुक्यातील एखाद्या गावात शिरल्यावर टाकी किती उंच आहे हे पाहू नये. शेवटच्या घराचा नळ सोडून पाहावा. त्या नळाला पाणी असेल, तर त्या गावाचा इतिहास पुढे सरकला आहे असे खुशाल लिहावे.